बिमलकृष्ण मतिलाल यांची कारकीर्द आणि पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मतिलाल म्हणजे नेमके कोण?

बंगाली तत्त्वज्ञ. जन्म १ जून १९३५, बंगालमधल्या जयनगरचा. कोलकात्यात शिक्षण, हार्वर्डची पीएच.डी., टोरांटोत अध्यापन आणि १९७६पासून अखेरपर्यंत ऑक्सफर्डला प्राध्यापक. १९९०मध्ये पद्मभूषण मिळालं. ८ जून १९९१ रोजी कर्करोगाने गेले, तेव्हा नुकतीच छप्पन्न वर्षं पूर्ण झाली होती.

हा झाला परिचयापुरता तपशील. त्यांचं खरं काम एका ओळीत सांगायचं तर असं: नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी), बौद्ध आणि जैन एकमेकांशी हजार-दीड हजार वर्षं जे भांडले, ते भांडण त्यांनी आजच्या तत्त्वज्ञांपुढे चालू खटल्यासारखं मांडलं. निकाल लागलेल्या खटल्याची कागदपत्रं दाखवावीत तसं नव्हे, तर ‘यात तुमचं म्हणणं काय?’ असं विचारत.

मोतीलाल बनारसीदास या प्रकाशनाशी त्यांचा काही संबंध?

नात्याचा नाही. मतिलाल हे बंगाली आडनाव आहे. त्यांची काही पुस्तकं त्या प्रकाशनाकडून निघाली, त्यामुळे ग्रंथालयाच्या यादीत दोन्ही नावं शेजारी दिसतात आणि घोटाळा होतो.

ते पंडितांकडे शिकले की विद्यापीठात?

दोन्हीकडे, आणि त्यांचं वेगळेपण बरंचसं यातूनच आलं. कोलकाता विद्यापीठातून संस्कृतमध्ये एम.ए. केल्यावर १९५७ ते १९६२ ते तिथल्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात शिकवत होते. त्याच काळात जुन्या पद्धतीच्या पंडितांपुढे बसून त्यांनी नव्यन्यायाचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन, अतिकाटेकोर परिभाषेच्या शाखेचे ग्रंथ ओळीओळीने लावले. ‘तर्कतीर्थ’ ही पारंपरिक पदवीही मिळवली. म्हणजे सकाळी अध्यापक आणि नंतर विद्यार्थी, असा प्रकार.

नव्यन्याय नुसता वाचून येत नाही. पोथीतलं वाक्य कुठे तुटतं, कोणता शब्द कोणाला विशेषण आहे, पूर्वपक्ष (खोडून काढायचं प्रतिपक्षाचं म्हणणं) कुठे संपला, हे गुरूने बोट ठेवून दाखवावं लागतं. मतिलाल यांच्याकडे ही शिदोरी होती. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकून नंतर भाषांतरांतून भारतीय दर्शनांकडे वळलेल्या अभ्यासकांकडे ती सहसा नसते.

मग हार्वर्डला कशासाठी गेले?

डॅनियल इंगल्स यांच्यासाठी. इंगल्स हे हार्वर्डमधले संस्कृतचे प्राध्यापक. नव्यन्यायाची परिभाषा आधुनिक तर्कशास्त्राच्या शेजारी ठेवून पाहणारं त्यांचं पुस्तक १९५१मध्ये आलं होतं. मतिलाल १९६२मध्ये त्यांच्याकडे गेले आणि १९६५मध्ये पीएच.डी. घेऊन बाहेर पडले. त्या काळी अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ डब्ल्यू. व्ही. क्वाइन हार्वर्डमध्येच शिकवत. त्यांच्या तर्कशास्त्राचा मतिलाल यांच्यावरचा ठसा पुढच्या प्रत्येक पुस्तकात दिसतो: वाक्याची बांधणी उलगडून दाखवायची, कोणती वस्तू मानावी लागते आणि कोणत्या वस्तूशिवाय भागतं ते विचारायचं, उगाच जास्त काही मानायचं नाही.

प्रबंधाचा विषय ‘अभाव’ होता असं वाचलं. नसलेल्या गोष्टीवर एवढं काय लिहिण्यासारखं असतं?

पुष्कळ. हा प्रबंध १९६८मध्ये ‘द नव्य-न्याय डॉक्ट्रिन ऑफ नेगेशन’ या नावाने हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये निघाला. त्यात नव्यन्यायाचा प्रवर्तक गंगेश याच्या ‘तत्त्वचिंतामणी’तला अभाववाद हा भाग आणि नंतरचा नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी याचा नकारावरचा नञ्वाद यांची भाषांतरं आहेत, सोबत विवेचन.

नैयायिकांचं म्हणणं असं की ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान खरं असेल तर ते कशाविषयी तरी असलं पाहिजे. नुसत्या जमिनीविषयी ते असू शकत नाही, कारण घडा ठेवल्यावरही जमीन तीच राहते. म्हणून घड्याचा अभाव हा एक स्वतंत्र पदार्थ मानायचा. जमीन हे त्याचं अधिकरण (तो जिथे आहे ती जागा), घडा हा त्याचा प्रतियोगी (ज्याचा तो अभाव आहे ती वस्तू).

इथपर्यंत सोपं आहे. पुढे पेच येतो. ‘घडा नाही’ म्हणजे कोणता घडा नाही? शेजाऱ्याचा घडा इथे नाही, म्हणून माझा इथे असताना ‘घडा नाही’ म्हणता येईल का? येणार नाही. तेव्हा सांगावं लागतं की इथली प्रतियोगिता घटत्वाने (घडेपणाने) अवच्छिन्न, म्हणजे मर्यादित आहे; म्हणजे घडा म्हणून जे जे काही आहे त्या सगळ्याचा हा अभाव आहे. निळा घडा नाही म्हणायचं असेल तर हा मर्यादा घालणारा धर्म, अवच्छेदक, बदलतो. शिवाय संबंधही सांगावा लागतो: घडा जमिनीवर असतो तो संयोगाने, आपल्या अवयवांत असतो तो समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने. आधुनिक तर्कशास्त्रात ‘सर्व’ आणि ‘काही’ दाखवायला जी चिन्हं लागतात, त्यांचं बरंचसं काम नैयायिक असं चिन्हांशिवाय, नुसत्या संस्कृत समासांच्या जोरावर करत होते. हे मतिलाल यांनी उदाहरण घेऊन, पायरीपायरीने दाखवलं. नव्यन्याय म्हणजे शब्दांचं कोळिष्टक, अशी जी थट्टा आपल्याकडे चालते, तिला हे पुस्तक पुरेसं उत्तर आहे.

एक गंमत त्यातलीच. अभावाचा अभाव म्हणजे काय? जुने नैयायिक म्हणत, घड्याच्या अभावाचा अभाव म्हणजे घडाच. रघुनाथाला हे पटलं नाही. तो म्हणतो, अभावाचा अभाव हाही अभावच, तो घडा कसा होईल? पण तिसरा अभाव मात्र पहिल्या अभावाशी एकरूप. डच गणितज्ञ ब्राउवर यांच्या अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्रातही दुहेरी नकारातून मूळ विधान परत मिळत नाही, तिहेरी नकार मात्र एकेरी नकाराइतकाच भरतो. साम्य डोळ्यांत भरणारं आहे, पण कारणं निराळी. रघुनाथाला जगात काय आहे याची चिंता, ब्राउवर यांना सिद्धता कशाला म्हणावं याची.

ऑक्सफर्डचं पद कोणतं होतं?

‘स्पॉल्डिंग प्रोफेसर ऑफ ईस्टर्न रिलिजन्स अँड एथिक्स’. १९३६मध्ये हे अध्यासन सुरू झालं तेव्हा पहिले प्राध्यापक होते सर्वपल्ली राधाकृष्णन. ते १९५२पर्यंत होते. त्यांच्यानंतर आर. सी. झेनर आणि १९७६मध्ये मतिलाल. त्याआधी १९६५पासून ते टोरांटो विद्यापीठात शिकवत. ऑक्सफर्डला ते ऑल सोल्स कॉलेजचे फेलो होते.

राधाकृष्णन आणि मतिलाल यांच्यात फरक तो काय?

राधाकृष्णन यांनी पश्चिमेला सांगितलं की आमच्याकडेही थोर तत्त्वज्ञान आहे, आणि त्याचं शिखर म्हणजे अद्वैत वेदांत. झेनर यांचा भर गूढानुभवावर होता. या दोघांच्या खुर्चीत बसलेला तिसरा माणूस तर्कशास्त्राचा निघाला.

मतिलाल यांचं १९७७चं उद्घाटनाचं व्याख्यान याच दृष्टीने वाचण्यासारखं आहे: ‘द लॉजिकल इल्युमिनेशन ऑफ इंडियन मिस्टिसिझम’. गूढवादाला त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. अंतिम सत्य शब्दांपलीकडे आहे म्हणणारी बौद्ध नागार्जुन आणि अद्वैती श्रीहर्ष ही मंडळी तिथपर्यंत येतात ती किती काटेकोर युक्तिवादाने, हे त्यांनी दाखवलं. श्रीहर्षाचं ‘खंडनखंडखाद्य’ ज्याने थोडंफार चाळलं असेल त्याला हे पटेल. तर्काला तर्कानेच जेरीस आणणारा तो माणूस भाबडा खचितच नव्हता.

म्हणजे ‘भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे मोक्षविचार’ हे त्यांना मान्य नव्हतं?

एवढंच ते आहे, हे मान्य नव्हतं. न्यायसूत्रांचं पहिलंच सूत्र सोळा पदार्थांच्या ज्ञानाने निःश्रेयस (मोक्ष) मिळतं असं सांगतं. ते त्यांनाही ठाऊक होतं. पण त्या सोळांत प्रमाण (ज्ञानाचं साधन) आहे, संशय आहे, दृष्टांत (उदाहरण) आहे, हेत्वाभास (फसवे हेतू) आहेत, छल (शब्दच्छल) आणि जाती (फोल प्रत्याक्षेप) आहेत. पहिलं सूत्र वाचून पुस्तक मिटणाऱ्यांना पुढची पाचशेहून अधिक सूत्रं कशाविषयी आहेत हे कळतच नाही.

‘परसेप्शन’ हे त्यांचं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक मानतात. त्यात काय आहे?

१९८६मध्ये आलेलं, चारशेहून अधिक पानांचं हे पुस्तक. प्रश्न एकच: आपल्याला दिसतं ते काय? बाहेरची वस्तू, की मनात उमटलेलं काहीतरी?

एका बाजूला बौद्ध. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग याचं प्रसिद्ध लक्षण आहे की प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा स्पर्श नसलेलं ज्ञान. डोळ्याला क्षणिक रंग भेटतो, हाताला क्षणिक स्पर्श. ‘हा घडा’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात नाव, जाती (‘घडेपणा’सारखा सामान्य प्रकार), द्रव्य यांची भर आपल्या बुद्धीने घातलेली असते. दुसऱ्या बाजूला नैयायिक. त्यांच्या मते ‘हा घडा’ हेच प्रत्यक्ष. घडा बाहेर आहे आणि तो जसा आहे तसाच दिसतो.

नैयायिकांचा एक युक्तिवाद न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी येतो: दर्शन आणि स्पर्श या दोन्हींनी एकाच वस्तूचं ग्रहण होतं. मी जे पाहिलं त्यालाच आता हात लावतो आहे, असं आपण म्हणतो. रंग डोळ्याचा आणि स्पर्श त्वचेचा. स्पर्श डोळ्याला कळत नाही, रंग त्वचेला कळत नाही. मग ‘त्यालाच’ म्हणजे कोणाला? सूत्रकाराला यातून आत्मा सिद्ध करायचा आहे, पण त्याच दमात रंग-स्पर्शांहून निराळं असं द्रव्यही सिद्ध होऊ लागतं.

दुसरा वाद झाडाचा. समोरून झाड पाहिलं तर दिसते ती फक्त पुढची बाजू. मग झाड आहे हे आपण पाहतो की अनुमानाने जाणतो? पूर्वपक्षी म्हणतो, सगळं प्रत्यक्ष हे शेवटी अनुमानच आहे. नैयायिक म्हणतो, निदान ती पुढची बाजू तरी पाहिलीस ना? मग प्रत्यक्ष नाहीच असं कसं म्हणतोस? शिवाय अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली पूर्ण वस्तू, हा अवयवांच्या बेरजेहून निराळा असतो, त्यामुळे एक भाग डोळ्याला भिडला तरी भेट पूर्ण वस्तूशीच होते. विसाव्या शतकात रसेल, मूर, एअर आणि ऑस्टिन हे ब्रिटिश तत्त्वज्ञ ‘संवेद्यदत्तां’वरून (इंद्रियांना थेट मिळणारे रंग, आकार इत्यादी; इंग्रजीत ‘सेन्स-डेटा’) जे भांडले, त्यात हा प्रश्न जवळजवळ याच रूपात येतो. मतिलाल दोन्ही वाद एकाच टेबलावर ठेवतात.

सर्वांत रंगतदार भाग भ्रमाचा आहे. शिंपल्याच्या जागी चांदी दिसली तर ती चांदी कुठली? योगाचारी (केवळ विज्ञान खरं मानणारा) बौद्ध म्हणतो, ती ज्ञानाचाच आकार. अद्वैती म्हणतो, ती आहेही म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही. मीमांसक प्रभाकर म्हणतो, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच; समोरच्या ‘हे’चं प्रत्यक्ष आणि चांदीची आठवण यांतला फरक तेवढा लक्षात आला नाही. नैयायिकाची अन्यथाख्याती सर्वांत कमी नवलाची आणि म्हणूनच टिकाऊ: चांदी खरीच, पण दुसरीकडे असलेली. चुकीतला प्रत्येक तुकडा खऱ्या जगातून आलेला असतो, जोडणी तेवढी चुकते. मतिलाल यांनी वकिली केली ती याच भूमिकेची. माझ्या मते ही प्रकरणं पुस्तकातली सर्वांत चांगली, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याने ती आधी वाचली तरी बिघडत नाही.

म्हणजे ते स्वतः नैयायिकच होते?

कल बराचसा तिकडे होता. विशेषतः ज्ञानाविषयीच्या एका मुद्द्यावर. एखादी गोष्ट कळली की ती कळल्याचंही आपोआप कळतं, असं अनेकांना वाटतं. न्यायाचं उत्तर नकारार्थी आहे. ज्ञान होणं ही एक घटना, त्या ज्ञानाचं ज्ञान म्हणजे अनुव्यवसाय ही दुसरी, आणि ते प्रमाण, म्हणजे खरं, आहे याचा निश्चय ही तिसरी, तीही बहुधा अनुमानाने होणारी. संशयवादी विचारतो, ‘तुला कळलंय हे तुला कसं कळलं?’ नैयायिक म्हणतो, ते मला सांगता आलं नाही तरी मला कळलेलं असू शकतं. मतिलाल यांना ही वाट मोलाची वाटली. पण बौद्धांची बाजू ते इतकी सशक्त मांडतात की वाचकाला काही पानं तरी दिङ्नागच जिंकतोय असं वाटतं. पूर्वपक्ष दुबळा करून जिंकायची सवय त्यांना नव्हती.

नागार्जुनाविषयी त्यांचं काय म्हणणं होतं?

नागार्जुन ‘विग्रहव्यावर्तनी’त म्हणतो, माझी प्रतिज्ञाच (सिद्ध करायचं विधान) नाही, त्यामुळे दोष माझ्याकडे येत नाही. यावर नेहमीचा आक्षेप: ‘माझी प्रतिज्ञा नाही’ हीच प्रतिज्ञा झाली की! मतिलाल यांनी इथे दोन नकारांतला भेद वापरला. ‘मी न येण्याचं वचन देतो’ यात वचन आहे. ‘मी येण्याचं वचन देत नाही’ यात वचनच नाही. नागार्जुनाचा नकार दुसऱ्या जातीचा. संस्कृत परंपरेतला पर्युदास (नाकारून दुसरं काही सुचवणारा नकार) आणि प्रसज्यप्रतिषेध (निव्वळ नकार) हा भेद इथे उपयोगी पडतो.

त्याच ओघात त्यांनी वितंडेचीही बाजू घेतली. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा अशी चर्चेची तीन रूपं सांगितली. वितंडेत स्वपक्ष स्थापन न करता परपक्षाचं खंडन असतं. मतिलाल म्हणतात, हे प्रामाणिकपणेही करता येतं. स्वतःकडे उत्तर नसताना दुसऱ्याचं उत्तर चूक आहे हे दाखवणं हा गुन्हा नाही.

जैन दर्शनावर काही लिहिलं?

हो, अनेकांतवादावर (वस्तूला अनेक बाजू असतात, या जैन मतावर) एक छोटं पुस्तक, ‘द सेंट्रल फिलॉसफी ऑफ जैनिझम’. १९८१मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इन्स्टिट्यूटने काढलं. सुबोध आहे.

तर्कशास्त्राच्या माणसाने महाभारतावर लिहिलं ते कसं?

जसं घटाभावावर लिहिलं तसंच. सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत झालेल्या चर्चासत्रातले निबंध त्यांनी ‘मॉरल डायलेमाज इन द महाभारत’ या नावाने १९८९मध्ये संपादित केले. नीतीचा प्रश्न भारतीय दर्शनग्रंथांत सुटा फारसा सापडत नाही, अशी तक्रार असते. मतिलाल यांचं म्हणणं, तो इतिहास-काव्यांत शोधा. हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावता येतं का, हा सभेतला द्रौपदीचा प्रश्न आक्रोश आहेच, पण त्याआधी तो धर्माच्या कायद्याचा प्रश्न आहे, आणि सभेतल्या एकालाही त्याचं धड उत्तर देता आलेलं नाही.

त्यांचं आवडतं स्थळ कर्णपर्वातलं. जो कोणी ‘गांडीव दुसऱ्याला दे’ म्हणेल त्याला मारायचं, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. कर्णापुढून माघार घेऊन आलेला युधिष्ठिर चिडून नेमकं तेच बोलतो आणि अर्जुन तलवार उपसतो. कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. हा सत्यव्रती ब्राह्मण. लपलेली माणसं कुठे गेली हे त्याने दरोडेखोरांना खरं सांगितलं, ती मारली गेली, कौशिक नरकात गेला. १७९७मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी याच्याशी जुळणारं उदाहरण घेऊन उलटा निर्णय दिला होता: खुनी दाराशी आला तरी खोटं बोलता कामा नये.

मतिलाल दाखवतात की कांट यांच्या व्यवस्थेत खरा धर्मसंकटाचा प्रसंग येऊच शकत नाही, कारण दोन कर्तव्यांची टक्करच त्यांना मान्य नाही. महाभारताला ती मान्य आहे. कोणतंही एक कर्तव्य पाळलं तरी दुसरं मोडल्याची टोचणी उरते. कृष्णाचा तोडगाही ऐकण्यासारखा: वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हटलं की तो मेल्यातच जमा, तेव्हा युधिष्ठिराला अरे-तुरे कर, प्रतिज्ञा पुरी होईल. अर्जुन तसं करतो आणि मग पश्चात्तापाने स्वतःवरच तलवार उगारतो. त्यावरही उपाय आहे. आत्मस्तुती ही आत्महत्येसारखीच, तेव्हा स्वतःची तारीफ कर! हे वाचून हसू येतं, आणि व्यासांनाही ते यावं असंच वाटत असणार.

कृष्णावरच्या निबंधात मतिलाल त्याला छंदाची बंधनं मानणाऱ्या, पण छंदाचा गुलाम न होणाऱ्या कवीच्या जागी ठेवतात. मला ही मांडणी सुंदर वाटते, पूर्ण पटत नाही. नियम कधी वाकवायचा हे ठरवणारा कृष्णच असेल तर ठीक. कृष्णाचं नाव घेऊन नियम वाकवणाऱ्यांना आवरायचं कोणी, याचं उत्तर निबंधात पुरेसं मिळत नाही.

‘हे सगळं आपल्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवलंय’ हे सिद्ध करायला मतिलाल वाचावेत का?

वाचा, पण त्या कामी ते येणार नाहीत. आधुनिक तर्कशास्त्राचे प्रवर्तक फ्रेगे किंवा क्वाइन यांच्याशी तुलना करताना ते साम्य दाखवतात आणि लगेच पुढच्या परिच्छेदात ते कुठे तुटतं हेही दाखवतात. न्यायाच्या अनुमानात दृष्टांत लागतो, आकारिक तर्कशास्त्रात लागत नाही. हा फरक त्यांनी कधी झाकला नाही.

त्यांच्यावर टीका काय होते?

मुख्य टीका अशी की त्यांनी भारतीय विचार इंग्रजी विश्लेषक तत्त्वज्ञानाच्या मापाने मोजला. जे त्या मापात बसलं ते वर आलं, साधना, मोक्ष, भाष्यपरंपरेचं स्वतःचं प्रयोजन मागे राहिलं. यात तथ्य आहे. मात्र त्या काळी ऑक्सफर्डमधल्या तत्त्वज्ञांचं लक्ष वेधायला दुसरी भाषा उपलब्धही नव्हती. मला जास्त खटकतं ते वेगळंच: त्यांच्या लेखांत पुनरुक्ती फार. तीच उदाहरणं, तेच युक्तिवाद तीन-तीन ठिकाणी भेटतात.

संस्कृतींच्या संघर्षावरही त्यांनी लिहिलं आहे. ‘ज्याची त्याची नीती’ असं म्हणणारा सापेक्षतावाद त्यांनी नाकारला. त्यावरची त्यांची कोलकात्यातली व्याख्यानं १९८८मध्ये पुस्तकरूपाने आली. ती व्याख्यानमाला सखाराम गणेश देउस्कर यांच्या नावाची आहे. देउस्कर हे मराठी कुटुंबात जन्मून बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिणारे; मराठी वाचकाने हे नाव विसरावं हे काही बरोबर नाही.

संस्कृत येत नाही. सुरुवात कुठून करू?

जैन दर्शनावरच्या पुस्तकापासून किंवा ‘द कॅरेक्टर ऑफ लॉजिक इन इंडिया’पासून. दुसरं त्यांच्या पश्चात १९९८मध्ये निघालं, आटोपशीर आहे. भाषेच्या तत्त्वज्ञानात रस असेल तर १९९०चं ‘द वर्ड अँड द वर्ल्ड’ घ्या. व्याकरणकार भर्तृहरीचा स्फोटवाद (वाक्याचा अर्थ अखंड एकदम प्रकटतो, हे मत) त्यात आहे. ‘परसेप्शन’ नंतर. अभावावरचं पुस्तक सर्वांत शेवटी, तेही कोणी सोबतीला असेल तर.

शेजारी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायाचा प्राथमिक ग्रंथ ठेवा. यशवंत वासुदेव आठल्ये यांची त्यावरची आवृत्ती १८९७मध्ये मुंबईहून निघाली आणि अजून वापरात आहे. पारिभाषिक शब्द अडला तर भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’. त्याच्या नोंदी संस्कृतात आहेत, पण मराठी वाचकाला अंदाजाने बरंच लागतं.

त्यांनी मातृभाषेत लिहिलं का?

लिहिलं. राम आणि कृष्ण यांच्या कथांतल्या नीतीविषयी ‘नीति, युक्ति ओ धर्म’ हे बंगाली पुस्तक १९८८चं.

त्यांनी सुरू केलेल्या नियतकालिकाचं पुढे काय झालं?

‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसफी’ त्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी काढलं आणि अखेरपर्यंत संपादित केलं. ते आजही निघतं. त्यांचे विखुरलेले निबंध जोनार्डन गनेरी यांनी २००२मध्ये दोन खंडांत एकत्र आणले. ज्ञान आणि भाषेवरचा एक, महाकाव्यं आणि नीतीवरचा दुसरा. एकच घेणं परवडत असेल तर दुसरा घ्या, पहिल्यातला बराच मजकूर ‘परसेप्शन’मध्ये भेटतो.